'देवमाणूस' : लागण, खोडवा आणि निडवा



आज आपण टीव्हीवरच्या एका मालिकेविषयी बोलणार आहोत. आज पाककृती नाही, बचत गटाचा हिशोबही नाही. मालिकेचं नाव 'देवमाणूस'. आमच्या तलवाड्यात काय किंवा गेवराईत काय, जेवणंखाणं उरकल्यावर ज्या घरात टीव्ही चालू असतो त्या घरात हे नाव ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट २०२० ला ही मालिका झी मराठीवर सुरू झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ ला संपली. म्हणजे ती संपली असं आपण धरून चाललो. त्याच वर्षी १९ डिसेंबरला 'देवमाणूस २' आली. आणि मग २ जून २०२५ ला आली 'देवमाणूस – मधला अध्याय'.

(२०२५ मध्ये याच नावाचा एक सिनेमाही आला, महेश मांजरेकर आणि रेणुका शहाणे यांचा. त्याची गोष्ट वेगळी आहे, या मालिकेशी त्याचा संबंध नाही. नाव एकच असल्यामुळे घोटाळा होतो म्हणून सांगून ठेवलं.)

बायका दोन प्रश्न विचारतात. पहिला, "माणूस तोच, कारनामे तेच, मग मालिका तीन-तीन कशाला?" दुसरा, "पहिली जशी अंगावर आली, तशी पुढची का येत नाही?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि त्यांची उत्तरं शोधायला गेलं की गोष्ट टीव्हीपाशी थांबत नाही, आपल्या दवाखान्यापर्यंत आणि आपल्या उंबऱ्यापर्यंत येते. म्हणून हा विषय घेतला.

बेणं एक, पिकं तीन

एका गाजलेल्या मालिकेतून दुसरी मालिका काढतात, तिला टीव्हीवाले 'स्पिन-ऑफ' म्हणतात. गोष्ट पुढे नेली तर 'सिक्वेल', मागे नेली तर 'प्रीक्वेल'. हे इंग्रजी शब्द बाजूला ठेवा. आपल्याला हा प्रकार उसावरून लगेच कळतो.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांना लागण, खोडवा आणि निडवा यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. लागण म्हणजे रान नांगरून, सऱ्या सोडून, नवं बेणं लावून घेतलेला ऊस. तो तुटला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना परत फुटवे येतात. तो खोडवा. खोडवाही तुटला की परत फुटतो तो निडवा. शेतकरी खोडवा का ठेवतो? नांगरट वाचते, बेण्याचा पैसा वाचतो, ऊसही लवकर तयार होतो. पण निगा राखली नाही तर उतारा घटतो, आणि पहिल्या उसात जो रोग होता तो खोडव्यात जास्त दिसायला लागतो.

मालिकांचंही तसंच असतं. नवी मालिका काढायची म्हणजे नवी माणसं, नवं गाव लोकांच्या गळी उतरवायचं. त्यात पैसाही जातो आणि वेळही जातो. जुनं नाव घेतलं की पहिल्याच रात्री बघणारे तयार असतात. झी मराठीने हे 'रात्रीस खेळ चाले' मध्ये करून पाहिलं होतं. पहिली मालिका २०१६ ची. दुसरी २०१९ मध्ये आली, तिने गोष्ट मागे नेली आणि अण्णा नाईक, शेवंता यांचा काळ दाखवला. शेवंता तर इतकी गाजली की पहिली मालिका न पाहिलेल्यांनीही दुसरी पाहिली. म्हणजे खोडवा लागणीपेक्षा सरस निघू शकतो. ती दुसरी मालिका ऑगस्ट २०२० मध्ये संपली आणि तिच्या जागी 'देवमाणूस' आली. वर्षभराने 'देवमाणूस' संपली, तर तिच्या जागी 'रात्रीस खेळ चाले' ची तिसरी. रान एकच, पिकं आलटून पालटून.

पोलिसाची मालिका आणि गुन्हेगाराची मालिका

गुन्ह्याच्या मालिका आपण फार आधीपासून बघत आलो. हिंदीतली 'सीआयडी' घ्या. १९९८ मध्ये सोनीवर सुरू झाली, २०१८ मध्ये थांबली, डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. तिच्यात एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम आपलेच मराठी नट. तिलाही फुटवा आला होता. २००४ मध्ये 'सीआयडी : स्पेशल ब्युरो' नावाची वेगळी मालिका सुरू झाली. मूळ 'सीआयडी' त ताजा खून आणि ताजा तपास, तर 'स्पेशल ब्युरो' त जुनी, बंद पडलेली प्रकरणं परत उघडायची. ती काही फार वर्षं चालली नाही, मूळ मात्र चालतच राहिली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. 'सीआयडी' च्या मध्यभागी पोलीस आहेत. गुन्हेगार येतो, पकडला जातो, जातो. पुढच्या वेळी दुसरा येतो. त्यामुळे मालिका वीस वर्षं चालली तरी प्रत्येक गोष्टीत न्याय होऊ शकतो. ज्याचा खून झाला त्याचं नाव घेतलं जातं, कुणी केला ते कळतं, आणि दार बंद होतं.

'देवमाणूस' चं उलटं आहे. तिच्या मध्यभागी गुन्हेगार आहे. अजितकुमार देव नावाचा डॉक्टर, जो मुळात डॉक्टरच नाही. किरण गायकवाडने हे काम असं केलं की त्याआधी 'लागिरं झालं जी' मधला त्याचा भैय्यासाहेब लोक विसरले. गावाला तो देवमाणूस वाटतो. रात्री-अपरात्री धावून येतो, फी मागत नाही, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. आणि आडून बायांना बोलण्यात गुंतवतो, त्यांचा पैसाअडका काढतो आणि त्यांना संपवतो.

या माणसाशिवाय मालिका नाही. म्हणजे मालिका पुढे चालवायची तर हा माणूस सुटलाच पाहिजे. फाशी झाली की संपलं, जन्मठेप झाली की संपलं. आमच्या मते पहिली आणि पुढच्या दोन यांतला खरा फरक इथे आहे. पहिली मालिका बघताना आपण रोज एकच वाट बघत होतो, हा कधी सापडणार. पुढच्या दोन बघायला बसताना आपल्याला आधीच ठाऊक असतं की हा सापडणार नाही. पहिलीत भीती होती. पुढे नुसती गंमत उरली, की आता हा कसा निसटतो बघू.

'मधला अध्याय' मध्ये तर हे पक्कंच आहे. ही गोष्ट पहिल्या आणि दुसऱ्या मालिकेच्या मधली. दुसऱ्या मालिकेत तो जिवंत आहे हे आपण पाहिलंय. मग मधल्या काळात त्याला कुणी कितीही घेरलं तरी त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे लहान पोरही सांगेल. जिवाला घोर लागतो तो फक्त त्याच्यासमोर आलेल्या बाईचा.

तिन्हींची जुळणी करून बघू

आता नुसतं चांगलं-वाईट न म्हणता एकेक बाजू घेऊन बघू.

पहिली बाजू, त्याचा धंदा. पहिल्या मालिकेत तो डॉक्टर. 'देवमाणूस २' मध्ये तो नटवर नावाने, तोंडवळा तोच पण माणूस दुसरा असं भासवत वावरतो. 'मधला अध्याय' मध्ये तो गोपाळ नावाचा शिंपी. तिन्हींत पहिल्या मालिकेची पकड सगळ्यात घट्ट आहे, आणि त्याचं कारण डॉक्टर हा शब्द. बाई डॉक्टरपुढे जे बोलते ते नवऱ्यापुढेही बोलत नाही. तो नाडी धरतो, सुई टोचतो, कसली सुई हे आपण विचारत नाही. शिंप्याचं काम निवडणाऱ्यांनीही विचार केलेला दिसतो, कारण मापं घेणारा माणूस हाही बाईच्या जवळ येणारा माणूस. पण शिंपी पटला नाही तर आपण दुसऱ्याकडे जातो. तापाने फणफणलेलं लेकरू काखेत असताना दुसरा डॉक्टर कुठून आणायचा?

दुसरी बाजू, गाव. पहिल्या मालिकेतलं गाव नुसता देखावा नव्हता. सरू आजीच्या म्हणी, टोन्याचा खोडकरपणा, बज्याचा भोळेपणा, यांमुळे ते गाव आपल्यासारखं वाटलं. आणि म्हणूनच अंगावर काटा यायचा. एवढी बोलकी, एवढी चौकस माणसं, कुणाच्या घरी कोण आलं हे सांगणारी माणसं, आणि त्यांच्या नाकाखाली बाया नाहीशा होतायत. पुढच्या मालिकांमध्येही विनोद आहे, पण तिथे विनोद बऱ्याचदा दोन खुनांमधली जागा भरायला येतो. पहिलीत त्याचं काम होतं. हसतं-खेळतं गावही आंधळं असू शकतं, हे तो दाखवत होता.

तिसरी बाजू, पोलीस. पहिलीत एसीपी दिव्या सिंग आली. नेहा खानने ते काम केलं. एक बाई बायांसाठी उभी राहते, हे बघताना बरं वाटायचं. प्रकरण कोर्टातही गेलं, आर्या देशमुख ही वकीलबाई उभी राहिली, आणि तरीही तो सुटला. त्या सुटण्याचा राग आला, कारण पुरावा कसा हातातून निसटतो ते आपण पाहत होतो. दुसरीत मिलिंद शिंदे यांचा इन्स्पेक्टर मार्तंड जामकर आला. तोही लोकांना आवडला, त्याची बोलण्याची ढब, त्याचा विक्षिप्तपणा. पण जामकर आणि नटवर यांचा सामना हळूहळू दोन मल्लांच्या कुस्तीसारखा झाला. कोण कुणाला चितपट करतो हे बघायचं. ज्यांच्यासाठी ही कुस्ती लागली त्या बाया आखाड्याबाहेरच राहिल्या.

चौथी बाजू, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी, मेलेल्या बाया. पहिलीत एखादी बाई गेली की तिच्यामागे कुणीतरी असायचं. कुणी शोधायचं, कुणी रडायचं, कुणी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचं. पुढच्या मालिकांमध्ये नवी बाई येते तेव्हाच आपण मनात म्हणतो, ही किती दिवस टिकणार? बाई म्हणजे पुढचा बळी, एवढाच तिचा पत्ता. त्यात आणखी एक खोट तिन्हींत आहे. बळी पडणारी बाई कधी लोभी दाखवतात, कधी नवऱ्याला विटलेली, कधी नादी लागलेली. बघणाराच्या मनात हळूच येतं, हिचंही काहीतरी चुकलंच. पहिल्या उसातला हाच तो रोग, जो खोडव्यात वाढला.

ही गोष्ट आली कुठून

'देवमाणूस' एका खऱ्या प्रकरणावरून सुचली, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. ते प्रकरण सातारा जिल्ह्यातलं, वाई तालुक्यातल्या धोमचं. जून २०१६ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी एक बाई घरातून निघाली ती परत दिसली नाही. घरच्यांनी तक्रार दिली. ती शेवटी कुणाच्या संपर्कात होती हे तपासत पोलीस एका माणसापर्यंत पोचले. तो स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत होता. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला अटक झाली आणि धोममध्ये पुरलेले मृतदेह उकरून काढले गेले. एकूण सहा जणांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला, त्यात पाच बाया. त्यातली पहिली २००३ मध्ये नाहीशी झालेली.

आरोपीचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम. आणि त्याचं नाव तसंही खूप गाजलं. आम्हाला सांगायचं आहे ते त्या तेरा वर्षांबद्दल. २००३ ते २०१६. एकामागून एक माणसं नाहीशी होत गेली आणि तेरा वर्षं कुणी ते धागे एकत्र जोडले नाहीत.

हे कसं होतं ते आपल्याला परकं नाही. गावात बाई नाहीशी झाली की पहिला प्रश्न काय येतो? "कुणाबरोबर गेली?" कुणी म्हणतं भांडून माहेरी गेली असेल. कुणी म्हणतं तिचं लक्षण आधीपासूनच ठीक नव्हतं. घरचे इज्जतीला भिऊन गप्प बसतात, चार दिवस वाट बघू म्हणतात, चाराचे चाळीस होतात. जो कुणी बायांच्या जिवावर उठला असेल त्याला यापेक्षा सोयीचं काय? त्याला पुरावा लपवायचीही गरज पडत नाही, ते काम गावाची जीभच करते.

पहिल्या मालिकेने हे दाखवलं. पुढच्या दोन मालिकांनी त्या माणसाची हुशारी दाखवली. खऱ्या प्रकरणात तो हुशारीने टिकला असं म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी झटकणं. असा माणूस इतरांच्या गप्प बसण्यावर टिकतो.

आपल्या जिल्ह्यातला देवमाणूस

आता घरचं बोलू. आपण बीडच्या बाया. डॉक्टरवर डोळे मिटून विश्वास टाकण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे, आणि ती मालिकेत नव्हे.

२०१२ मध्ये परळीच्या एका खाजगी दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी एका बाईचा जीव गेला आणि मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा उघडा पडला. तिथल्या डॉक्टर नवरा-बायकोला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आणि बघा योगायोग, २०२० च्या सप्टेंबरात, 'देवमाणूस' सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा त्याच डॉक्टरला परळीजवळ परत दवाखाना चालवताना पकडलं. प्रॅक्टिस करायला मनाई असताना. तिथेही पेशंट जात होतेच.

दुसरी गोष्ट गर्भपिशव्यांची. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. कितीतरी जणी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. पोटात दुखतं, अंगावर जातं म्हणून गेल्या आणि "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं ऐकून आल्या. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, म्हणून त्याही तयार झाल्या. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली.

गैरसमज नको. पिशवी काढणारे डॉक्टर खुनी होते असं आम्ही म्हणत नाही. काहींना शस्त्रक्रियेची खरीच गरज होती. आणि आपल्या भागात निष्ठेने काम करणारे डॉक्टर, सिस्टर, आशाताई आहेत, त्यांच्यावर आपला जीव आहे. आम्ही म्हणतो ते एवढंच, की डॉक्टरला देव केलं की आपण विचारणं सोडतो. आणि ज्याला कुणी काही विचारत नाही, त्याला चूक करायलाही मोकळीक आणि गुन्हा करायलाही मोकळीक. पहिल्या 'देवमाणूस' चं नाव म्हणून इतकं नेमकं होतं. ते नाव त्या माणसाने घेतलं नव्हतं, गावाने दिलं होतं.

विचारायला शिका

मग काय विचारायचं? तीन गोष्टी सांगतो.

एक. डॉक्टरची नोंदणी. ॲलोपॅथीचे डॉक्टर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, आयुर्वेदाचे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीचे त्यांच्या वेगळ्या कौन्सिलकडे नोंदलेले असतात. नोंदणीचं प्रमाणपत्र दवाखान्यात दिसेल असं लावलेलं असावं, आणि चिठ्ठीवर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक छापलेला असावा. कोरी चिठ्ठी, नावाशिवायची गोळ्यांची पुडी दिसली तर सावध व्हा. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा १९६१ च्या महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायद्याखाली गुन्हा आहे. संशय आला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. एकटीला भीती वाटत असेल तर बचत गटाच्या पाच जणी मिळून द्या.

दोन. सुई आणि शस्त्रक्रिया. "हे कसलं इंजेक्शन? कशासाठी? नाही घेतलं तर काय होईल?" हे तीन प्रश्न विचारण्यात कसलाही अपमान नाही. चांगला डॉक्टर सांगतो. पिशवी काढायची म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. सोनोग्राफीचे कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या. अंगठा किंवा सही करण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बाई नाहीशी झाली तर वाट बघू नका. चोवीस तास गेल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, असा समज आहे. असा कुठलाही नियम नाही. संध्याकाळी कळलं तर संध्याकाळीच पोलीस ठाण्यात जा. मूल अठराच्या आतलं असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला पाहिजे. बाई ऊसतोडीला परजिल्ह्यात असताना नाहीशी झाली तरी इथल्या ठाण्यात तक्रार देता येते. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. याला झिरो एफआयआर म्हणतात. तक्रारीची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. तातडीला ११२ नंबर आहे, महिलांसाठी १८१ आहे. हे दोन नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा, फोनमध्ये तर ठेवाच.

आणि पोलीस ठाण्यात जाताना "कशी होती ती" हे सांगत बसू नका. काय घातलं होतं, फोन कुठला होता, दागिने कोणते होते, शेवटचं कुणाशी बोलली, एवढंच सांगा. तिचं चालचलन हा शोधाचा विषय नाही. ती कुठे आहे हा शोधाचा विषय आहे.

मग मालिका बघायची की नाही?

बघा. आम्हीही बघतो. दिवसभर राबून रात्री घटकाभर मन रमलं तर त्यात गैर काय? किरण गायकवाडचं काम बघण्यासारखं आहे, जामकरचे डायलॉग पाठ झालेल्या पोरी आमच्या ओळखीच्या आहेत.

पण तिन्ही शेजारी ठेवून बघितल्या की कळतं, एकाच बुडख्यातून आलेलं पीकही सारखं नसतं. पहिलीने आपल्याला घाबरवलं, कारण तिने आपल्या गावासारखं गाव दाखवलं. पुढच्यांनी करमणूक केली, कारण त्यांनी त्या माणसाचे खेळ दाखवले. करमणूक म्हणून त्या चालतील. फक्त बघताना एक सवय लावून घ्या. पडद्यावर बाई आली की तिचं नाव लक्षात ठेवा. ती गेली की चार दिवसांनी घरात विचारा, तिला कुणी शोधतंय का? मालिका तिला विसरली असेल, तर ती मालिका त्या माणसाच्या बाजूला झुकली असं समजा.

हीच सवय गावातही ठेवा. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या आसपासच्या कुठल्या गावातून, कुठल्या तांड्यावरून, कुठल्या वस्तीवरून एखादी बाई गेली आणि परत दिसली नाही, असं आठवतंय का? कुणी म्हणालं असेल, गेली कुणाबरोबर तरी. तिच्या आईला एकदा भेटून या. तक्रार दिली होती का विचारा. दिली नसेल तर सोबत जा. उशिरा दिलेली तक्रारही तक्रारच असते.

पुढच्या भागात बेपत्ता व्यक्तीची तक्रार कशी लिहायची, त्यात कुठल्या गोष्टी हव्यातच, हे आपण बसून लिहूनच बघू. वही आणि पेन घेऊन बसा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लेकीला किंवा सुनेला शेजारी बसवून घ्या.

तोवर नमस्कार.